पाण्याखालचे तीन ठोके

फाल्गुन लागला की आमच्या गावात दुपारच्या सुमारास पश्चिमेचा वारा येतो. येतो म्हणजे आधी तापीवर येतो आणि मग गावात. सकाळभर परातीतल्या पाण्यासारखी पडून असलेली नदी एकाएकी अंग चोरते. गुजरातच्या बाजूने एक सुरकुती पाण्यावरून वर सरकत येते, तिच्यामागे दुसरी, आणि घडीभरात सगळा डोह खरखरीत होऊन जातो. मग दातांत वाळूची चव येते, शाळेचे दार आपटते, नंदुरबारकडे निघालेल्या मिरचीच्या गाड्यांवरून एक ठसका उडतो आणि अख्खी गल्ली एकदम शिंकते. वर्षातून एवढ्या एकाच प्रसंगी आमच्या गावात एकमत दिसते.

यंदाही तो आला. मला तो ऐकू आला नाही, फक्त दिसला. गेल्या दोन वर्षांत माझे कान हळूहळू रजेवर गेले आहेत. नंदुरबारच्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिले आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितले. ते काय होते हे विचारायला मला संकोच वाटला.

वाचता मात्र येते. परवाच्या साप्ताहिकात लढाईच्या बातम्यांखाली एक लहानसा मजकूर होता. हल्ली म्हणे बोटी पाण्याखाली कान लावून पाणबुड्या हुडकतात. समुद्र शांत असला तर आवाज चांगला येतो, पण वर लाटा उठल्या की पाण्याच्या पाठीवर आदळलेला आवाज विखरून जातो आणि ऐकणारे चकतात. विलायतेतली मोठमोठी डोकी सध्या या कोड्यात गुंतली आहेत. मी तो अंक घडी घालून ठेवला आणि एकटाच हसलो. ही गोष्ट आमच्या भिकाआबाने मला वीस-बावीस वर्षांपूर्वी सांगितली होती, आणि ती साफ चूक आहे असे मी त्याला सविस्तर समजावून दिले होते.

भिकाआबा आमच्या घाटावरचा नावाडी. मागचे महायुद्ध संपून दोन-तीन वर्षे झाली होती, मी मराठी शाळेत नवा मास्तर होतो, आणि नंदुरबारच्या बाजूला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावेत बसावे लागे. तापीचे पात्र आमच्याकडे रुंद आहे. पलीकडून हाक मारली तर ती अर्ध्या वाटेत दमते. म्हणून आमच्याकडे एक जुनी रीत होती. पलीकडच्या काठावर चिंचेच्या मुळांच्या बेचक्यात दोन काळे गोटे ठेवलेले असत. ज्याला यायचे त्याने पाण्याशी उकिडवे बसायचे, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे आणि खालच्या खाली गोट्यावर गोटा आपटायचा. तीन ठोके म्हणजे माणूस उभा आहे, ये. पाच ठोके म्हणजे असशील तसा ये. पाच ठोक्यांची कारणेही ठरलेली होती : बाळंतीण, साप चावलेला आणि सरकारी साहेब. क्रम हाच.

अलीकडच्या काठाला भिकाआबा नावेत बसून जाळे विणत असे. वल्ह्याचे पाते पाण्यात सोडलेले आणि दांड्याचे टोक दाताखाली धरलेले. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला लाकूड चघळायची खोड आहे. खरे कारण गावात सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नसे. आबा ठार बहिरा झाला होता. कानाशी तोंड नेऊन ओरडले तर अर्धे कळे, उरलेले तो बोलणाऱ्याच्या ओठांवरून उचले. पण दांडा दाताखाली असला की पलीकडचा ठोका त्याच्या कवटीत वाजे. ठोका वाजला की जाळे बाजूला, नांगर वर, आणि नाव निघालीच.

एकदा सकाळी त्याने दांडा माझ्याकडे दिला. मी तो कानाला लावला, कारण दुसऱ्याने चावलेला दांडा तोंडात धरण्याइतकी माझी ज्ञानाची तहान मोठी नव्हती. आधी काहीच कळेना. मग तळाची वाळू सरकत होती तिची चरचर ऐकू आली, रेशमी कापड फाडत राहावे तशी. मासा वळला असावा, कारण काहीतरी एकदाच टचकन वाजले. आणि मग ठोका. तो नदीपलीकडून आला असे वाटलेच नाही. माझ्या कपाळाच्या आत कोणी कडी वाजवली होती. शिवाय प्रत्येक ठोक्याच्या पाठीला चिकटून एक बारीकसा ठोका येत होता. ते मी आबाला खुणेने विचारले.

"एक सरळ येस, एक वरतून येस," तो म्हणाला.

"वरतून? वर तर हवा आहे!" मी ओरडलो.

"पानीले बी छत ऱ्हास, मास्तर. आवाज तेले धडकस आनि खाले येस. वारा उना म्हंजे छत फुटस. मंग एक ठोकाना चाळीस व्हतस."

मी त्याला ज्या आवाजात मुलांना भूगोल शिकवीत असे त्या आवाजात सांगितले की, वारा वर असतो, लाट फार तर वीतभर खोल असते, तिच्याखाली पाणी शांतच असते, आणि खालून जाणाऱ्या आवाजाला वरच्या वाऱ्याशी काहीएक कर्तव्य नाही. तो फार आदराने माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटले, त्याला पटले. बहिरी माणसे आदराने पाहत नसतात, ओठ वाचीत असतात, हे मला आता आरशात पाहून कळले आहे.

त्या काळात तालुक्यातल्या एका गृहस्थांना रावसाहेब ही पदवी मिळाली होती. माणूस तसा वाईट नव्हता. पण पदवी नवी असली की ती नव्या जोड्यासारखी करकरते. माघात एकदा रावसाहेब सकाळच्या प्रहरी पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. पायाशी दोन गोटे होते. पण त्यासाठी वाकावे लागते, उकिडवे बसावे लागते, बाह्या वर कराव्या लागतात. तापी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना तसे बसवीत आली होती. रावसाहेब उभेच राहिले. आबा दांडा दाताखाली धरून जाळे विणीत राहिला. शेवटी एक गवतवाली आली, तिने तीन ठोके दिले आणि रावसाहेब तिच्या भाऱ्याशेजारी बसून अलीकडे आले.

आठ दिवसांत हुकूम झाला. नावाडी बहिरा आहे, सबब घाटावर मोठी पितळी घंटा बसवावी, आणि घंटा ज्याला ऐकू येते अशा इसमाकडे नाव द्यावी. मी व पाटलांनी मध्ये पडून एवढेच मिळवले की, आधी आबाची परीक्षा घ्यावी. रावसाहेबांच्या कारकुनाने पलीकडून ठोके द्यायचे, आबाने अलीकडे आकडा सांगायचा. जमले तर नाव त्याची.

परीक्षेची वेळ मी ठरवली. दुपारी चार. शाळा सुटलेली असते, रावसाहेबांचे जेवण व वामकुक्षी झालेली असते, सगळ्यांना सोयीचे. सुवाच्य अक्षरात मी तशी नोटीस लिहिली आणि वडाला चिकटवली. आबाची बायको गिरजाबाय वाचायला शिकलेली नव्हती, पण तिला ती कोणीतरी वाचून दाखवली. ती थेट शाळेच्या दारात आली.

"मास्तर, चार वाजता कसाले ठेवं? चार वाजता नदीवर कुत्रं बी पानी पेवाले येत नही."

"अहो गिरजाबाय, वाऱ्याचा काही संबंध नाही. पाण्याखाली सगळं शांत असतं. मी पुस्तकात वाचलंय."

"तुम्हनं पुस्तक भिजी ग्यं व्हतं का?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाव गयी ते हाऊ मानूस घरमा बसी जाई. घरमा तेले कोन्हं काय आयकू येस? ना मन्हं, ना पोरनं. नदी हाईच तेन्हा कान शे, मास्तर."

इतके साधे वाक्य. पण मी नोटीस बदलली नाही. छापील पुस्तकावर विसंबलेल्या माणसाला माघार घेणे रावसाहेबांच्या वाकण्याइतकेच जड जाते.

दुपारी चार वाजता तापी अशी उठलेली होती की नाव दोराला हिसके देत होती. प्रवाह पश्चिमेला जाणारा, वारा पूर्वेला येणारा, दोघांची डोहात झोंबाझोंबी. होळीसाठी डोंगरातून आलेले पावरे ढोल खांद्याला अडकवून बघायला थांबले होते. रावसाहेबांसाठी खुर्ची होती. खुर्चीवर छत्री धरलेली होती आणि छत्री दर दोन मिनिटांनी उलटी होत होती. नंदुरबारचे युसुफभाई कल्हईवाले घंटा घेऊन आले होते. त्यांनीच तिला उजाळा दिला होता, लोलक बसवला होता आणि बैलगाडीतून ती पलीकडच्या काठावर आणून खांबाला टांगली होती.

कारकुनाने पाण्यात हात घातले. इकडून निशाण दाखवले. आबाने डोळे मिटून दांडा दातात घट्ट धरला. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती. बराच वेळ गेला.

"किती?" रावसाहेबांनी बोटांनी विचारले.

आबाने दांडा काढला. "खडी पडी ऱ्हायनी, रावसाहेब. ठोका कोठे शे?"

पुन्हा निशाण, पुन्हा ठोके. पुन्हा खडी. मी न राहवून नावेत उडी मारली आणि दांडा कानाला लावला. आत तळणीत फुटाणे उडावेत तसा कल्लोळ होता. त्यात कुठे काही टोकदार उमटतेसे वाटे आणि लगेच शंभर दिशांना फुटून जाई. पाण्याखाली काहीही शांत नव्हते. माझे पुस्तक कोरडे होते एवढेच.

गिरजाबाय माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार.

"आता घंटा!" रावसाहेब म्हणाले. निशाण हलले. पलीकडे कारकुनाचा हात वरखाली होऊ लागला. आम्ही सारे कान देऊन उभे राहिलो.

"स्पष्ट!" रावसाहेब म्हणाले. "नऊ टोल."

"मन्हा हिसाबमा अकरा," पाटील म्हणाले.

मीही सात मोजले होते. खोटे कशाला बोलू, मला ते सात अगदी गोड आवाजात ऐकू आले होते.

आबाने दांडा दातातून काढला, तोंड पुसले आणि म्हणाला, "काय बी नही. वाजनीच नही. तठला एक बगळा बी उडना नही."

रावसाहेब हसले. बहिऱ्या माणसाने असे म्हणावे यात नवल ते काय! पण युसुफभाई खाकरले. ते गरीब माणूस. घंटा त्यांच्याकडूनच घेतलेली. बोलावे की न बोलावे असे त्यांच्या दाढीत चाललेले दिसत होते.

"रावसाहेब, माफ करना," ते म्हणाले. "आबा बराबर बोली ऱ्हायना. गाडीमा घंटा वाजी ते बैलं बुजतस म्हनीसन मी लोलक फडकामा बांधेल व्हता. तो सोडानाच ऱ्ही गया."

छत्री पुन्हा उलटी झाली. मग पावऱ्यांपैकी एकाला कोणीतरी ते त्याच्या बोलीत समजावून सांगितले, आणि तो वाळूत बसला तो पोट धरूनच. पलीकडे कारकून अजून दोरी ओढीत होता. घंटा वाजत नाही हे त्याला पहिल्या हिसक्यालाच कळले होते, असे त्याने मागाहून सांगितले. पण त्याला वाजवण्याचा हुकूम होता, ऐकण्याचा नव्हता.

गिरजाबाय पदर खोचून खुर्चीपुढे उभी राहिली. "रावसाहेब, सकाय सकायमा या. सूर्य उगाना बरोबर. आनि दगड आते तुम्हीच वाजाडा. दुसरास्ना हातवर भरोसा कसाले?"

नऊ टोल ऐकलेल्या माणसाला नाही म्हणणे शक्य नव्हते.

त्या संध्याकाळी युसुफभाई माझ्या ओट्यावर बसले होते. मी त्यांना माझ्या पराभवाची हकिकत सांगत होतो. त्यांनी आपल्या झोळीतून नवीन कल्हई केलेली एक थाळी काढून माझ्यासमोर धरली. तीत माझा चेहरा होता, होता तसाच. मग त्यांनी माझ्याच घरातला ठोक्याठोक्यांचा तांब्याचा हंडा उचलून तोंडासमोर आणला. तीस-चाळीस मास्तर माझ्याकडे दीनवाणे बघू लागले.

"पानीना पोट बी असंच शे, मास्तर," ते म्हणाले. "सपाट ऱ्हायनं ते आवाज पुरा परत. ठोके पडनात ते गया चाळीसमा."

मी तो हंडा पुढे कधीच बदलला नाही. अजूनही सकाळी चूळ भरताना त्यात पाहतो. माणूस फार ताठत नाही.

दुसऱ्या दिवसाची ती सकाळ! पळस नदीच्या दोन्ही अंगांना पेटलेला, आणि तितकाच पाण्यात. कुठेतरी हरभऱ्याचा होळा भाजत होता, त्याचा धूर काठीसारखा सरळ वर गेला होता. एक खंड्या डोहात पडला आणि त्याने केलेले वर्तुळ मोडायला नदीवर कोणीच नव्हते, म्हणून ते काठापर्यंत चालत आले. रावसाहेब युसुफभाईंना साक्षीला घेऊन नावेने पलीकडे गेले. आकडा चिठ्ठीवर लिहून युसुफभाईंच्या खिशात ठेवायचा असे ठरले. आबा परत आला, नाव लावली आणि दांडा दातात धरला.

पलीकडे पांढरे पागोटे बराच वेळ उभे होते. मग ते हळूहळू खाली आले. रावसाहेब उकिडवे बसत होते. आमच्या काठावर कोणी हसले नाही. सगळ्यांचे डोळे आबावर होते. गिरजाबायने नावेची कड घट्ट धरली होती.

आबाने एक बोट वर केले. दुसरे. थांबला. तिसरे, चौथे. पाचवे. दुसऱ्या हाताची दोन. "सात," तो म्हणाला. दांडा मात्र त्याने सोडला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय व्हयनं?" गिरजाबाय त्याच्या तोंडासमोर म्हणाली.

"काहीतरी जड पडनं पानीमा."

आम्ही पलीकडे पाहिले. पागोटे दिसत नव्हते. ते प्रवाहाबरोबर संथपणे गुजरातकडे निघाले होते. रावसाहेब गुडघाभर पाण्यात बसलेले होते, आणि युसुफभाई पाण्याशी वाकून गोटे उचलीत होते.

"पाच!" आबा म्हणाला, आणि कोणाच्या निकालाची वाट न बघता त्याने नांगर उचलला.

"बाळंतीण, का साप?" गिरजाबायने विचारले.

"साहेब," तो म्हणाला आणि नाव सुटली.

येताना रावसाहेब नावेत ओलेचिंब बसले होते, बोडके, आणि हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिले. ते माणूस म्हणून बरेच देखणे होते. नावेत त्यांनी ओल्या हाताने आबाकडून दांडा मागितला, क्षणभर विचार केला, आणि सरळ दाताखाली धरला. माझ्यापेक्षा त्यांची तहान मोठी निघाली. चिठ्ठीवरचा आकडा पाहायची आठवण मग कोणालाच राहिली नाही. दुपारी युसुफभाईंनी ती काढली तेव्हा ओल्या खिशात शाई पसरून गेली होती. नाव आबाचीच राहिली. घंटा शाळेला मिळाली. लोलक मी स्वतः सोडला.

आबा पुढे बरीच वर्षे ऐकत राहिला. शेवटच्या हिवाळ्यात वल्हे मारायचे बळ नव्हते तेव्हाही तो रोज सकाळी नावेत येऊन बसे, आणि नदीवर आज काय आहे ते गिरजाबायला सांगे. आता नाव त्याची मुलगी चंद्री चालवते. तिचे कान चांगले आहेत, पण वारा सुटायच्या आधी दांडा दाताखाली धरायची रीत तिनेही सोडलेली नाही.

तो साप्ताहिकातला मजकूर वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेलो. चंद्रीला काही सांगावे लागले नाही. तिने माझ्या कानांकडे पाहिले, दांडा माझ्या धोतराच्या सोग्याने पुसायची खूण केली आणि माझ्या हातात दिला. मी तो दातांत धरला.

दोन वर्षे मी कापसात राहत होतो. आणि आता एकदम वाळू चरचरली. तीच रेशमी फाड. मासा वळला. नावेच्या तळाला पाण्याने हळूच चापट मारली, ती मला दाढेत कळली. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मी वाऱ्यावर ढकलले असते. पण वारा अजून सुटायचा होता. आणि मग कपाळाच्या आत कोणी कडी वाजवली.

"तीन!" मी ओरडलो. बहिरी माणसे ओरडतात तसा. काठावरचे बगळे उडाले.

चंद्रीने आपल्या वल्ह्याचा दांडा दाताखालून काढला, मान हलवली आणि माझ्या तोंडासमोर पाची बोटे पसरली. मग पश्चिमेकडे बोट दाखवले. तिकडून एक सुरकुती पाण्यावर चढत येत होती, वेळेच्या बरीच आधी. माझे दोन ठोके त्या सुरकुतीने फोडले होते.

"साहेब?" मी विचारले.

चंद्रीने डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिले. चिंचेखाली एक गाडी सोडलेली होती आणि कोणीतरी बाई मुळांना टेकून बसली होती. चंद्री हसली, आपल्या पोटापुढे हाताने एक मोठा गोल काढला आणि नांगर उचलला. मला उतरायला तिने सांगितले नाही. दुसरे वल्हे माझ्या हातातच होते, दातांच्या खुणांसकट. मी ते पाण्यात घातले आणि ओढले.